दुसऱ्याच्या वतीनं ओ देणारा राउटर

तासगावजवळच्या एका बेदाणा शीतगृहात प्रत्येक चेंबरच्या दाराशेजारी भिंतीवर एक तापमान कंट्रोलर बसवलेला आहे. त्याला नेटवर्कची केबल लागते, पण त्यात गेटवे, म्हणजे नेटवर्कबाहेर नेणाऱ्या राउटरचा पत्ता, भरायची सोयच नाही. चार बटणं आणि लाल आकड्यांची एक पट्टी, बस. बटणं दाबत गेलं की आयपी पत्ता भरता येतो, सबनेट मास्क (आपलं नेटवर्क कुठवर ते सांगणारा आकडा) भरता येतो, अलार्म कुठल्या पत्त्यावर पाठवायचा तेही भरता येतं, आणि मग मेनू पुन्हा पहिल्या पानावर येतो. आपल्या नेटवर्कबाहेर काही जग आहे आणि राउटरमार्फत तिथं जाता येतं, हे या यंत्राच्या गावीच नाही.

बरीच वर्षं त्यावाचून काही अडलंही नाही. मॅनेजरचा संगणक त्याच इमारतीत, त्याच स्विचवर होता. चेंबरचं तापमान चढलं की कंट्रोलर त्या संगणकाच्या पत्त्यावर अलार्म पाठवायचा, स्पीकर वाजायचा, ऑपरेटर धावायचा. मग मालकांनी, म्हणजे अण्णांनी, कार्यालय सांगलीला मार्केट यार्डाजवळ हलवलं. सौदे तिथं होतात, व्यापारी तिथं येतात, त्यामुळे ते ठीकच होतं. पण अलार्मचा संगणकही सांगलीला गेला आणि शीतगृहात रात्री एकटा ऑपरेटर उरला. बेदाणा चार अंशांच्या आसपास ठेवतात तो रंगासाठी. उष्णता लागली की हिरवट-पिवळा माल तपकिरी पडायला लागतो आणि सौद्यात भाव पडतो. तो माल अण्णांचा एकट्याचा नसतो, शेकडो शेतकऱ्यांचा असतो. म्हणून अण्णांची मागणी सरळ होती: "अलार्म हितं सांगलीत वाजला पायजे, आणि मला मोबाइलवर तापमान दिसलं पायजे. कंट्रोलर मात्र बदलायचे नाहीत, ते चांगले चाललेत."

मला ही मागणी पटली. सांगली-मिरजेत छोट्या उद्योगांची नेटवर्कची कामं करताना मी एक गोष्ट फार वेळा पाहिली आहे. चालतं यंत्र केवळ 'जुनं झालं' म्हणून भंगारात जातं, आणि नवं येतं ते आपलं सगळं बोलणं कुठल्यातरी परदेशी सर्व्हरशी करतं. हे कंट्रोलर तापमान अचूक सांभाळत होते. उणीव होती ती फक्त गेटवेची, आणि ती भरून काढणं हे राउटरचं काम आहे.

सगळ्यांत आधी सुचवला गेला तो उपाय म्हणजे पोर्ट फॉरवर्डिंग. इंटरनेटवरून राउटरच्या ५०२ क्रमांकाच्या पोर्टवर जे येईल ते थेट कंट्रोलरकडे ढकलायचं. त्याला मी ठाम नकार दिला. हे कंट्रोलर मॉडबस बोलतात. मॉडबस १९७९ साली मोडिकॉन कंपनीनं कारखान्यातल्या यंत्रांसाठी काढला. त्यात पासवर्ड नाही, ओळख पटवणं नाही. जो पोचला तो तापमान वाचू शकतो आणि ठरवलेलं तापमान बदलूही शकतो. असं पोर्ट उघड्यावर टाकलं तर जगात कुठंही बसलेला माणूस चेंबरचं तापमान चार अंशांवरून चौदावर नेऊ शकतो.

दुसरा मार्ग मास्करेडचा. दूरच्या संगणकाकडून वायरगार्ड बोगद्यातून, म्हणजे इंटरनेटवरून जाणाऱ्या पण किल्लीनं बंद अशा खासगी वाटेतून, पॅकेट आलं की राउटरनं त्यावर स्वतःचा पत्ता चिकटवून ते कंट्रोलरकडे द्यायचं. कंट्रोलरला वाटतं राउटरच विचारतोय, आणि राउटर त्याच्याच नेटवर्कमधला असल्यानं उत्तर बिनबोभाट मिळतं. पुष्कळ ठिकाणी एवढ्यावर भागतं आणि तिथं मीही हेच करतो. इथं दोन अडचणी होत्या. पहिली म्हणजे अलार्म कंट्रोलर स्वतःहून पाठवतो. कोणी विचारलेलं नसताना तो बोलायला लागतो, आणि मास्करेड त्या दिशेनं कामाचं नाही. दुसरी अशी की ठरवलेलं तापमान कोणत्या पत्त्यावरून बदललं याची नोंद कंट्रोलर ठेवतो. मास्करेड केलं असतं तर त्या नोंदीत सगळीकडे राउटरचाच पत्ता आला असता, आणि अण्णांना नेमकं तेच नको होतं.

उरला प्रॉक्सी एआरपी. एआरपी म्हणजे आयपी पत्त्यावरून यंत्राचा मॅक पत्ता, म्हणजे केबलवरची त्याची ओळख, विचारायची रीत; प्रॉक्सी म्हणजे दुसऱ्याच्या वतीनं दिलेलं उत्तर. पण तिथं पोचण्याआधी सांगलीच्या संगणकाला तासगावचा राउटर सापडायला हवा होता, आणि ते काम वाटलं होतं तितकं सरळ निघालं नाही.

शीतगृहात फायबरचं साधं कनेक्शन आहे. मी तिथं ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीची मुक्त लिनक्स प्रणाली) टाकलेला राउटर बसवला, सेवा देणाऱ्याच्या फायबर बॉक्सला ब्रिज मोडमध्ये, म्हणजे नुसतं पॅकेट पुढे देण्यापुरतं, टाकायला लावलं आणि सेवा देणाऱ्याशी जोडणारं पीपीपीओईचं लॉगिन आपल्या राउटरवर घेतलं. हे केल्याशिवाय पुढे जाऊ नये. नाहीतर राउटरच्या बाहेरच्या बाजूला आतल्या नेटवर्कचा खासगी पत्ता दिसतो आणि डायनॅमिक डीएनएस, म्हणजे बदलता पत्ता एका कायम नावाशी जोडून ठेवणारी सोय, तोच पत्ता जगाला सांगत बसतं. ब्रिज झाल्यावर राउटरला पत्ता मिळाला तो १००.७२ नं सुरू होणारा. हा आकडा दिसला की पुढचं काम थांबवायचं. १००.६४.०.० पासून १००.१२७.२५५.२५५ पर्यंतचा पट्टा २०१२ साली आरएफसी ६५९८ नं (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या रीती सांगणारे क्रमांकित दस्तऐवज) सेवा देणाऱ्यांच्या आतल्या वापरासाठी राखून ठेवला. आयपीव्ही४ चे पत्ते संपत आल्यानं अनेक ग्राहकांना एकाच खऱ्या पत्त्यामागे बसवतात, त्याला सीजीनॅट म्हणतात. आशिया-पॅसिफिकचा साठा एप्रिल २०११ मध्येच शेवटच्या तुकड्यावर आला होता, त्यामुळे हे होणारच होतं. पण सीजीनॅटच्या मागे असलेल्या राउटरला कितीही सुंदर नाव द्या, बाहेरून कोणी त्याच्यापर्यंत पोचत नाही.

पडताळा अगदी सोपा आहे. राउटरच्या पानावर दिसणारा बाहेरचा पत्ता आणि बाहेरच्या एखाद्या सर्व्हरला आपला दिसणारा पत्ता ताडून पाहायचा. दोन्ही एकच असतील तरच डायनॅमिक डीएनएसला हात घालायचा. इथं ते वेगळे होते. सेवा देणाऱ्याशी बरेच फोन झाल्यावर त्यांनी कनेक्शन सीजीनॅटमधून बाहेर काढलं आणि खरा पत्ता दिला, पण स्थिर नाही. सेशन तुटून पुन्हा जोडलं गेलं की पत्ता बदलणार. स्थिर पत्त्याला दरवर्षी वेगळे पैसे पडत होते. अण्णांनी विचारलं, "बदलणाऱ्या पत्त्यावर काम भागतंय का?" भागतं. डायनॅमिक डीएनएस त्यासाठीच आहे.

पत्त्यांची टंचाई नसलेल्या नव्या आयपीव्ही६ चा विचार मी केला होता. शीतगृहाकडे ते होतं, पण सांगलीच्या कार्यालयातल्या कनेक्शनला नव्हतं, म्हणून तो विषय तिथंच थांबला.

नावासाठी डकडीएनएससारख्या मोफत सेवा आहेत आणि घरच्या कॅमेऱ्यासाठी मी त्या बिनदिक्कत सुचवतो. काही मोफत सेवांत मात्र दर महिन्याला 'हे नाव अजून वापरतोय' अशी खात्री द्यावी लागते. ती द्यायची राहिली आणि हंगामात नाव बंद पडलं तर अलार्म गप्प राहील. माझा स्वतःचा एक डीएनएस सर्व्हर (नावावरून पत्ता सांगणारा) आहे, बाइंड या सॉफ्टवेअरवर चालणारा. म्हणून मी १९९७ चा आरएफसी २१३६ वापरायचं ठरवलं. त्यात राउटर थेट डीएनएस सर्व्हरला संदेश पाठवतो की या नावाचा पत्ता आता हा आहे, आणि संदेश खरा आहे हे टीसिग नावाच्या, गुप्त किल्लीनं केलेल्या सहीवरून सर्व्हर ओळखतो. ओपनडब्ल्यूआरटीच्या डीडीएनएस स्क्रिप्टमध्ये असा संदेश पाठवणाऱ्या एनएसअपडेटसाठी वेगळं पॅकेज आहे, ते टाकलं की राउटरकडून एवढं पुरतं.

खरी काळजी सर्व्हरच्या बाजूला घ्यायची असते. नेहमीच्या झोनमध्येच (झोन म्हणजे नावांच्या नोंदींचा गट) डायनॅमिक बदलांना परवानगी दिली की बाइंड ते बदल एका जर्नल फाइलमध्ये लिहायला लागतो, आणि मग कोणी ती झोन फाइल हातानं उघडून दुरुस्त केली तर दोन्हींचा मेळ बसत नाही. म्हणून बदलत्या नावांसाठी मी एक वेगळा छोटा उपझोन काढला आणि तो हातानं लिहायचा नाही असं ठरवून टाकलं. दुसरी काळजी परवानगीची. इंटरनेटवरच्या बऱ्याच उदाहरणांत 'या किल्लीवाल्याला झोनमध्ये काहीही बदलू द्या' अशी ओळ असते. मी अपडेट-पॉलिसीत लिहिलं की ही किल्ली फक्त शीतगृहाच्या एकाच नावाची, आणि तीही फक्त ए प्रकारची, म्हणजे आयपीव्ही४ पत्त्याची, नोंद बदलू शकते. राउटर भिंतीवरच्या पेटीत असतो, पेटीला कुलूप नसतं. उद्या तो कोणी उचलून नेला तरी चोराच्या हाती लागणारी किल्ली तेवढ्या एका नावापलीकडे काही बिघडवू शकणार नाही.

नोंदीचा टीटीएल, म्हणजे इतर सर्व्हरांनी ती किती वेळ लक्षात ठेवायची तो काळ, ६० सेकंद ठेवला. नेहमीच्या नावाला तासाचा टीटीएल चालतो, पण इथं पत्ता बदलल्यावर जगभरच्या सर्व्हरांनी जुना पत्ता तासभर धरून बसायला नको. डीडीएनएस स्क्रिप्ट एरवी दर १० मिनिटांनी पत्ता तपासते आणि काही बदललं नसलं तरी ७२ तासांनी एकदा नोंद नव्यानं पाठवते. त्याशिवाय बाहेरचा इंटरफेस वर आला की ती लगेच धावते. हे आकडे मी तसेच राहू दिले.

नंतर एक गोष्ट वीज गेल्यावर दिसली, आणि ती प्रत्येकानं लक्षात ठेवावी अशी आहे. टीसिगच्या सहीत वेळ असते. राउटरच्या आणि सर्व्हरच्या घड्याळात साधारणपणे ३०० सेकंदांहून जास्त फरक पडला की सर्व्हर बॅडटाइम म्हणून संदेश नाकारतो. अशा छोट्या राउटरांत घड्याळाची बॅटरी नसते. वीज येऊन तो सुरू झाला की ओपनडब्ल्यूआरटी आपल्या सेटिंगच्या फोल्डरमधल्या सर्वांत नव्या फाइलची तारीख उचलते आणि तीच आजची वेळ धरते. पुढे एनटीपीकडून, म्हणजे नेटवरून घड्याळ लावणाऱ्या सेवेकडून, खरी वेळ येईपर्यंत राउटर काही आठवडे मागे असू शकतो. नेमकं तेव्हाच पीपीपीओई जोडलं जातं आणि डीडीएनएस पहिला संदेश पाठवतं. लॉगमध्ये नकार दिसला तेव्हा मी किल्ली तपासत बसलो नाही, कारण त्याच ओळीच्या सुरुवातीला छापलेली तारीख मागची होती. स्क्रिप्ट मिनिटभरानं पुन्हा प्रयत्न करते आणि तोवर वेळ आलेली असते, त्यामुळे एरवी हे आपोआप निस्तरतं. पण उन्हाळ्यात त्या भागात वीज किती वेळा जाते हे सगळ्यांना माहीत आहे. म्हणून स्क्रिप्ट सुरू होण्याआधी घड्याळ लागलंय का हे पाहणारी एक छोटी अट मी घातली. वायरगार्डही हस्तांदोलनात, म्हणजे दोन टोकं एकमेकांची ओळख पटवतात तेव्हा, वेळ पाठवतो आणि आधीपेक्षा जुनी वेळ सांगणाऱ्याला दाद देत नाही, तेव्हा घड्याळ आधी लागलेलं दोघांसाठीही बरं.

वायरगार्डबद्दल आणखी एक. समोरच्या टोकाचं नाव तो बोगदा सुरू होताना एकदाच सोडवतो. नंतर पत्ता बदलला तरी तो जुन्याच पत्त्याकडे पॅकेटं पाठवत राहतो. डायनॅमिक डीएनएस चोख चालू असूनही बोगदा मेलेला, असं दिसलं की बहुतेक वेळा हेच कारण असतं. सांगलीतला अलार्मचा संगणक लिनक्सवर आहे. वायरगार्डच्या साधनांसोबतच एक नमुना स्क्रिप्ट येते. शेवटच्या हस्तांदोलनाला १३५ सेकंदांहून जास्त वेळ झाला असेल तर ती नाव पुन्हा सोडवून नवा पत्ता बसवते. ती तिथं टायमरवर लावली. अण्णांच्या मोबाइलवर मात्र बोगदा एकदा बंद करून चालू करायचा, एवढंच त्यांना दाखवून ठेवलं.

आता मुख्य काम. शीतगृहाचं नेटवर्क १९२.१६८.४०.० चं, मास्क २५५.२५५.२५५.०. राउटर .१ वर (म्हणजे १९२.१६८.४०.१, पुढेही असंच), सहा चेंबरांचे कंट्रोलर .२१ ते .२६ वर. अलार्मचा संगणक जुन्या इमारतीत .२०० वर होता. मी सांगलीतल्या त्याच संगणकाला बोगद्याच्या आतला पत्ता म्हणून पुन्हा १९२.१६८.४०.२०० च दिला, अण्णांच्या मोबाइलला .२०१, माझ्या लॅपटॉपला .२०२. कंट्रोलरमध्ये अक्षरशः एक बटणही दाबावं लागलं नाही. त्यांच्या दृष्टीनं अलार्म जायचा पत्ता तोच आणि त्यांच्याच नेटवर्कमधला होता.

हे करताना डीएचसीपीकडे, म्हणजे यंत्रांना आपोआप पत्ते वाटणाऱ्या सोयीकडे, पाहणं भाग होतं. ओपनडब्ल्यूआरटी मुळात .१०० पासून १५० पत्ते वाटायला घेते, म्हणजे .२४९ पर्यंत. त्यात .२०० येतो. एखाद्या ट्रक ड्रायव्हरच्या मोबाइलनं वायफाय पकडला आणि त्याला .२०० मिळाला, तर सगळा घोळ. वाटपाची मर्यादा ५० वर आणली, आता .१४९ च्या पुढे राउटर कोणाला पत्ता देत नाही.

मग सांगलीच्या संगणकावरून .२३ ला पिंग लावला आणि शीतगृहात राउटरच्या आतल्या ब्रिजवर (आतली पोर्टं एकत्र जोडणाऱ्या इंटरफेसवर) टीसीपीडंप, म्हणजे येणारी-जाणारी पॅकेटं दाखवणारं साधन, उघडून बसलो. जे दिसलं ते पाहून कोणालाही प्रॉक्सी एआरपी एका मिनिटात समजेल. पिंगची विनंती बोगद्यातून आली, राउटरनं ती .२३ ला दिली. आणि लगेच .२३ कडून ओळ आली: हू-हॅज १९२.१६८.४०.२००, टेल १९२.१६८.४०.२३ (म्हणजे .२०० कोणाचा, .२३ ला सांगा). थोड्या वेळानं पुन्हा तीच. पुन्हा तीच. कंट्रोलरला उत्तर द्यायचं होतं. पण .२०० आपल्याच नेटवर्कमधला आहे असं मास्कवरून ठरल्यामुळे तो त्याचा मॅक पत्ता केबलवर ओरडून विचारत होता, आणि .२०० तर सांगलीत बसलेला. ओ देणारं कोणी नव्हतं.

गावात कोणाच्या दारात हाक आली आणि तो माणूस शेतात गेलेला असेल, तर घरातलं दुसरं कोणी ओ देतं, निरोप घेतं आणि पोचवतं. प्रॉक्सी एआरपी तेच करतो. राउटर म्हणतो, .२०० हवाय? माझ्या मॅक पत्त्यावर पाठव. कंट्रोलर पाठवतो, आणि राउटर ते बोगद्यातून सांगलीला पोचवतो. एआरपी १९८२ च्या आरएफसी ८२६ मधला, डेव्हिड प्लमर यांचा. प्रॉक्सी एआरपीचं वर्णन करणारा आरएफसी १०२७ ऑक्टोबर १९८७ चा, स्मूट कार्ल-मिचेल आणि जॉन क्वार्टरमन यांचा. तेव्हाही दुखणं हेच होतं. सबनेट म्हणजे काय हे न कळणारी यंत्रं नेटवर्कवर होती, ती बदलता येत नव्हती, म्हणून समजुतीचं काम गेटवेनं आपल्या अंगावर घेतलं. तासगावच्या भिंतीवरच्या कंट्रोलरसमोर उभं राहून हे आठवलं तेव्हा त्या दोघांबद्दल मनापासून कृतज्ञता वाटली.

लिनक्समध्ये हे दोन प्रकारे करता येतं, आणि माझं सगळ्यांना आग्रहाचं सांगणं या फरकाबद्दलच आहे. पहिला प्रकार म्हणजे आतल्या इंटरफेसवर प्रॉक्सी एआरपीचं सेटिंग १ करायचं. एका ओळीत काम होतं आणि बहुतेक ठिकाणी हेच लिहिलेलं सापडतं. पण त्याचा अर्थ असा होतो की ज्या कुठल्या पत्त्याचा रस्ता दुसऱ्या इंटरफेसनं जातो, त्या प्रत्येकासाठी राउटर ओ देणार. राउटरला इंटरनेटचा डीफॉल्ट रूट, म्हणजे बाकी सगळ्या पत्त्यांसाठीची वाट, असतोच. म्हणजे आपल्या नेटवर्कबाहेरच्या जगातल्या कुठल्याही पत्त्याबद्दल कोणी एआरपीनं विचारलं, तरी राउटर 'मीच तो' म्हणेल.

परिणाम पाहायला मी ते सेटिंग थोडा वेळ मुद्दाम चालू केलं. वजनकाट्याच्या संगणकावर कोणीतरी कधीतरी मास्क २५५.२५५.०.० भरून ठेवला होता. तो संगणक १९२.१६८ नं सुरू होणारा कुठलाही पत्ता आपल्याच केबलवर आहे असं समजून ओरडत होता, आणि राउटर त्या प्रत्येक हाकेला निमूटपणे ओ देऊन तसल्या पत्त्याचं पॅकेट फायबरकडे ढकलायला बघत होता. चुकीचा मास्क असा झाकला जातो. काही वेळा त्यामुळे काम चालल्यासारखंही दिसतं, आणि मग वर्षानं राउटर बदलला की 'कालपर्यंत चालत होतं' हे सुरू होतं. ते सेटिंग बंद केलं आणि वजनकाट्याचा मास्क नीट करून दिला.

दुसरा प्रकार म्हणजे नेमक्या पत्त्यांची नोंद. आयपी नेबर या आज्ञेत प्रॉक्सी म्हणून .२००, .२०१, .२०२ हे तीन पत्ते आतल्या ब्रिजवर घालायचे. राउटर मग या तिघांसाठीच ओ देतो, चौथ्यासाठी नाही. कर्नल (लिनक्सचा गाभा) त्याला आणखी दोन अटी घालतो आणि दोन्ही मला फार आवडतात. पॅकेट पुढे पाठवणं चालू असायला हवं, आणि त्या पत्त्याचा रस्ता दुसऱ्या इंटरफेसनं जायला हवा. वायरगार्डचा इंटरफेस काही कारणानं खाली गेला तर त्याच्या मागचे रस्ते निघून जातात, आणि राउटर आपोआप ओ देणं थांबवतो. खोटं आश्वासन देत नाही.

ही नोंद ब्रिज बंद-चालू झाला की पुसली जाते. ती इंटरफेस वर येताच पुन्हा घालणारी दोन ओळींची हॉटप्लग स्क्रिप्ट लिहिली.

आज्ञा दिली आणि टीसीपीडंपमध्ये .२३ च्या प्रश्नाखाली उत्तराची ओळ उमटली: १९२.१६८.४०.२०० इज-अॅट, आणि पुढे राउटरचा मॅक. सांगलीत पिंग सुरू झाला. बाकीचे कंट्रोलरही एकामागून एक बोलू लागले. फक्त .२५ अडून बसला होता. जुन्या संगणकाचा मॅक पत्ता त्याच्या स्मरणात होता आणि तो त्याच पत्त्यावर पाठवत होता, म्हणून प्रश्नच विचारत नव्हता. ऑपरेटरला विचारून, त्या चेंबरचा कॉम्प्रेसर आपल्या चक्रात थांबलेला असताना कंट्रोलर बंद करून चालू केला आणि तोही रांगेत आला.

अलार्मची चाचणी मात्र विचित्र निघाली. कंट्रोलरवर चाचणी दाबली की सांगलीत कधी वाजायचं, कधी नाही. पिंग तर बिनचूक होता. पुन्हा टीसीपीडंप उघडला, यावेळी ओळीच्या सुरुवातीच्या वेळांकडे बघत. कंट्रोलरच्या प्रश्नापासून राउटरच्या उत्तरापर्यंत कधी सेकंदाचा दहावा भाग, कधी पाऊण सेकंद. हे लिनक्स मुद्दाम करतो. दुसऱ्याच्या वतीनं द्यायचं उत्तर तो ० ते ०.८ सेकंद इतकं कितीही लांबवतो, कारण खरा मालक केबलवर असेल तर त्याचं उत्तर आधी जावं. त्या सेटिंगचं नाव प्रॉक्सी डीले, मूळ किंमत ८०, सेकंदाच्या शंभराव्या भागात. एरवी ही सभ्यता योग्यच आहे. पण हा कंट्रोलर एआरपीच्या उत्तरासाठी अर्धा सेकंदही थांबत नाही आणि अलार्मचा पहिलावहिला निरोप टाकून देतो. आमच्याकडे .२०० चा दुसरा मालक केबलवर असणं शक्यच नव्हतं, डीएचसीपीची मर्यादा त्यासाठीच आणली होती. म्हणून फक्त आतल्या ब्रिजसाठी प्रॉक्सी डीले शून्य केला. त्यानंतर चाचणीचा प्रत्येक अलार्म सांगलीत वाजला.

शेवटी फायरवॉल. बोगद्याचा स्वतंत्र झोन केला. सांगलीच्या संगणकाला आणि अण्णांच्या मोबाइलला कंट्रोलरांच्या ५०२ आणि ८० या पोर्टांपुरतीच वाट, उलट दिशेनं कंट्रोलरांना .२०० च्या अलार्म पोर्टापुरती. बाहेरच्या बाजूला वायरगार्डचं ५१८२० हे एकच यूडीपी पोर्ट उघडं आहे. किल्ली नसलेल्यानं तिथं कितीही ठोठावलं तरी वायरगार्ड आवाजही काढत नाही. पीपीपीओईमुळे बोगद्याचा एमटीयू, म्हणजे एका पॅकेटचा कमाल आकार, १४१२ बाइटवर आणला.

स्विच बदलताना एक गोष्ट पाहावी लागेल, ती अण्णांच्या मुलाला सांगून ठेवली आहे. महागड्या मॅनेज्ड स्विचमध्ये एआरपी तपासणी चालू केलेली असू शकते. तिच्या नोंदीत नसलेल्या आयपी-मॅक जोडीनं कोणी ओ दिली की ती त्याला घुसखोर समजते, आणि तांत्रिकदृष्ट्या तिचं चुकतही नाही. फसवणारा आणि प्रॉक्सी करणारा केबलवर अगदी सारखेच दिसतात. असा स्विच आणला तर राउटरच्या पोर्टाला त्यात विश्वासू म्हणून नोंदवावं लागेल.

सगळं झाल्यावर अण्णांनी सांगलीतून मोबाइलवर तिसऱ्या चेंबरचं तापमान उघडलं, ऑपरेटरला फोन लावला आणि दारावरच्या लाल पट्टीवरचा आकडा वाचायला सांगितला. दोन्ही आकडे जुळले. मग त्यांनी ठरवलेलं तापमान अर्ध्या अंशानं बदलून पुन्हा जागेवर आणलं, आणि मी कंट्रोलरची नोंद काढून त्यांना .२०१ दाखवला. "म्हंजे कुणी हात लावला ते कळणार," एवढंच ते म्हणाले, पण हवं ते मिळाल्याचं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

राउटरच्या पेटीच्या दारावर आतून एक कागद चिकटवला आहे. कोणता पत्ता कोणाचा, .२०० ते .२०२ कुठल्याही यंत्राला देऊ नयेत, वीज येऊन पाच मिनिटं झाली तरी सांगलीत अलार्मचा हिरवा दिवा लागला नाही तर आधी राउटरचं घड्याळ, मग बाहेरचा पत्ता, मग नावाचा पत्ता, मग हस्तांदोलन, या क्रमानं पाहावं. सातव्या चेंबरचं बांधकाम सुरू आहे. त्याच्या कंट्रोलरला .२७ द्यायचा आणि फायरवॉलच्या यादीत तो एक पत्ता वाढवायचा. प्रॉक्सीच्या नोंदींना हात लावायची गरज नाही, कारण त्या बाहेरच्या तिघांच्या आहेत, कंट्रोलरांच्या नाहीत.